गॉलम पडद्यावर येण्याआधी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा शाळेचा निरोप आला. मधल्या सुट्टीतल्या बोरांच्या अन् छड्यांच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. मी वाचनालयाच्या कपाटापुरतं लिहितो. दिग्दर्शक अँडी सर्किस यांचा ‘द हंट फॉर गॉलम’ हा चित्रपट जाहीर झालाय. गॉलम म्हणजे इंग्रज लेखक टॉल्किनच्या कादंबऱ्यांतला, जादूच्या अंगठीपायी वेडा झालेला प्राणी. नववी-दहावीतल्या पोरांना वाटेल, त्याआधी टॉल्किनचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हे एवढं जाडजूड पुस्तक संपवायचं कसं?

संपवू नका. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची 62 प्रकरणं आहेत. गॉलमच्या शोधाची हकीकत मुख्यतः त्यातल्या दोनच प्रकरणांत येते, तीही दुसऱ्यांच्या तोंडून.

सुरुवात टॉल्किनच्याच आधीच्या ‘द हॉबिट’ या कादंबरीच्या पाचव्या प्रकरणानं करा. हॉबिट म्हणजे बुटक्या लोकांची एक जमात; बिल्बो त्यांतलाच. अंधाऱ्या गुहेत बिल्बो आणि गॉलम एकमेकांना कोडी घालतात: वारा, दात, अंडं, मासा, काळ. एकानं बिल्बो, दुसऱ्यानं गॉलम होऊन मोठ्यानं वाचलं, तर इंग्रजीचा धाक उरत नाही. 1937च्या पहिल्या आवृत्तीतला गॉलम बराच सरळ होता. हरल्यावर अंगठीच बक्षीस द्यायला निघालेला. पुढच्या कादंबरीत तीच अंगठी घातक ठरली, ते जुळेना, म्हणून 1951च्या आवृत्तीत प्रकरण बदललं. आज मिळतं ते बदललेलंच.

मग मोठ्या कादंबरीचा पहिला खंड. बहुतेकांची बंडी इथंच फसते, कारण प्रस्तावना हॉबिटांच्या चालीरीती आणि तंबाखूवर रेंगाळते. तिचा फक्त चौथा भाग, अंगठी सापडल्याचा, वाचा. पुढची दोन प्रकरणं सलग. गॉलम मुळात स्मीगॉल होता, त्यानं अंगठीपायी मित्राचा गळा दाबला, हे गॅन्डाल्फ हा जादूगार दुसऱ्या प्रकरणात सांगतो.

तिथून थेट एलरॉन्डच्या सभेच्या प्रकरणावर या. एलरॉन्ड हा एल्फ या अमर जमातीतला एक सरदार. प्रकरण लांबलचक, बोलणारे भरपूर. अंगठी घडवणारा दुष्ट सॉरॉन वेगळा, फितूर जादूगार सारुमान वेगळा, हे वहीच्या मागच्या पानावर लिहूनच बसा. अ‍ॅरागॉर्न या भटक्या वीरानं दलदलीत गॉलमला कसं धरलं, गॉलम त्याला कसा चावला, आणि कैदेत असताना दया येऊन एल्फांनी झाडावर चढू दिलं त्यातून गॉलम कसा निसटला, ते सारं इथं आहे. कथा आधी कळली तर मजा जाईल, ही भीती आपल्या झाडीपट्टीत तरी नको. हरिश्चंद्राची कथा पाठ असलेली माणसंही दंडारीच्या लोकनाट्याला रात्र काढतात.

कथेतल्या काल्पनिक कालगणनेची सनावळी परिशिष्टात आहे: पहिल्या प्रकरणातला बिल्बोचा वाढदिवस 3001, गॉलम सापडला 3017. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या 2001च्या चित्रपटात हा काळ फारच आवळलाय. परिशिष्टं तिसऱ्या खंडाच्या शेवटी असतात, म्हणून तालुक्याच्या ग्रंथालयातून पहिला आणि तिसरा खंड सोबतच मागा. काही जुन्या एकखंडी प्रतींत ती गाळलेली आहेत. मराठीत वाचायचं तर मुग्धा कर्णिक यांचा ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा अनुवाद आहे.

टॉल्किनच्याच 1980च्या ‘अनफिनिश्ड टेल्स’ या पुस्तकामध्येही अंगठीच्या शोधावर एक प्रकरण आहे. ते मात्र चित्रपट पाहून झाल्यावर वाचलं तरी चालतं.