तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला की आधी धुराचा रंग बघा

आज खंबाटकी घाटातून टो करून एक जुनी पेट्रोल गाडी आली. काटा लाल, सायलेन्सरमधून धूर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. हा पांढरा होता, गोडसर वासाचा, म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) सिलिंडरमध्ये उतरत होतं.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरची टोपी काढून काठोकाठ पाणी भरलं आणि स्टार्टर मारला. लगेच बुडबुडे, थांबेचनात! डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ चहासारखं ऑइल, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, गेलेलं.

पण गॅस्केट का गेलं, ते शोधायलाच हवं. रेडिएटरचा फॅन चालत नव्हता; त्याला बॅटरीवरून थेट वायर दिली तर फिरला. मोटर ठीक, इंजिन तापलं की फॅन चालू करणारा थर्मो स्विच मेलेला. नुसतं गॅस्केट बदललं असतं तर गाडी पुन्हा तापलीच असती. हेडवर सरळपट्टी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातला: ०.०५ मिमीचं पातं सहज सरकलं, म्हणजे हेड वाकलेलं. आता फेसिंग, म्हणजे मशीनवर हेड घासून सपाट करणं.

कळकळीने सांगतो, काटा चढला की एसी बंद, हीटर फुल, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. पाऊण तास टोपीला हात लावू नका. तापलेल्या इंजिनात गार पाणी तर मुळीच ओतू नका, ॲल्युमिनियमचं हेड त्यानेही वाकतं.