हिरव्या वांग्यासाठी अकरा रात्री

भुसावळला माझं लेबल-फ्लेक्स डिझाइनचं दुकान आहे. चंपाषष्ठी जवळ आली की भरीत पार्ट्यांचे बॅनर सुरू होतात. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, चित्र तेव्हाच हवं असतं, म्हणून मी एसडीएक्सएल लाइटनिंग वापरते. लिहून सांगितलं की चित्र काढून देणाऱ्या एसडीएक्सएल या एआय मॉडेलचं हे वेगवान रूप. चित्र पुरं व्हायला मूळ एसडीएक्सएलला पंचवीस-तीस स्टेप्स, म्हणजे टप्पे, लागतात, याला चार. पण वांगं म्हटलं की ते जांभळंच काढायचं. हिरवं सांगितलं तर ढोबळी मिरचीसारखं काहीतरी.

"ताई, हे आपलं वांगं नाही," एक काका बॅनर बघून म्हणाले. मला ते फार लागलं. बामणोदच्या मळ्यातलं फिकट हिरवं, हातात जड लागणारं वांगं आम्ही लहानपणापासून कपाशीच्या पराट्यांवर भाजत आलो. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि माझ्या बॅनरवर जांभळं?

मग मी स्वतः साठ फोटो काढले आणि लोरा ट्रेन करायला बसले. लोरा म्हणजे मूळ मॉडेल न बदलता त्याला जोडायची छोटी फाइल. इन्स्टॉलेशन एका दुपारी झालं.

अडकले ते पुढे. मी ट्रेनिंग थेट लाइटनिंगवरच लावलं. वापरायचं तेच मॉडेल, मग शिकवायचंही त्यालाच, असं मला वाटलं. माझं ग्राफिक्स कार्ड १२ जीबीचं, त्यामुळे एक फेरी म्हणजे एक रात्र. सकाळी बघते तर रंग अगदी बरोबर, पण चार स्टेप्सचं चित्र धुरकट, साल मेणासारखी, देठ वितळलेला. फोटो वाईट असतील म्हणून पहाटे बाजारात जाऊन पुन्हा काढले. लर्निंग रेट, म्हणजे शिकण्याचा वेग, कमी केला. लोराची रँक, म्हणजे त्याचा आकार, १६ची ३२ केली. एका रात्री दोन वाजता लाइट गेली आणि सगळं पाण्यात. (दर २०० स्टेप्सला फाइल सेव्ह होईल असं आधीच लावा.) अशा अकरा रात्री गेल्या. आजही त्या आठवल्या की चीड येते, कारण ही गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते आणि मला ती कुणी सांगितली नाही.

बाराव्या दिवशी वैतागून स्टेप्स २५ केल्या, तर तेच वांगं सुधारलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. लाइटनिंगला चार उड्यांत चित्र पुरं करायची सवय मुद्दाम लावलेली आहे. साधं ट्रेनिंग त्याला पुन्हा सावकाश चालायला शिकवतं, आणि ती उडी मोडते. म्हणून लोरा मूळ एसडीएक्सएलवर ट्रेन करायचा, आणि चित्र काढताना त्यासोबत लाइटनिंगचा तयार मिळणारा चार स्टेप्सचा लोरा जोडायचा. तेच फोटो, तीच सेटिंग, एकच रात्र. सकाळी वांग्याच्या सालीवर खिडकीचा उजेड दिसत होता! मी आईला हाक मारून दाखवलं.

चित्र काढतानाच्या सेटिंगमध्ये गाइडन्स (प्रॉम्प्टला, म्हणजे लिहिलेल्या सूचनेला, किती घट्ट धरायचं ते) बंद ठेवा, नाहीतर रंग करपतात. त्याच सेटिंगमध्ये सॅम्पलर (स्टेप्स टाकायची पद्धत) ऑयलर, आणि टाइमस्टेप स्पेसिंग (स्टेप्समधलं अंतर) ट्रेलिंग निवडा. गाइडन्स बंद असताना निगेटिव्ह प्रॉम्प्ट, म्हणजे काय नको ते लिहायची जागा, चालतच नाही, मी मात्र कितीतरी दिवस तिथे 'जांभळं नको' लिहीत होते. जे हवं ते प्रॉम्प्टमध्येच लिहा, तेही इंग्रजीत. मराठी त्याला जवळजवळ कळत नाही.

अजून एक राहिलं, खरं तर हे सगळ्यात आधी सांगायचं होतं. माझे बरेच फोटो गोणपाटावरचे होते आणि कॅप्शनमध्ये, म्हणजे ट्रेनिंगसाठी प्रत्येक फोटोसोबत द्यायच्या वर्णनात, मी गोणपाट लिहिलं नव्हतं. मग ताटातल्या वांग्याखालीही गोणपाट यायला लागलं. फोटोत दिसतं ते सगळं कॅप्शनमध्ये लिहा, म्हणजे मॉडेल ते वांग्यापासून वेगळं धरतं.

काका परवा येऊन गेले. चित्र जवळ घेऊन बघितलं आणि विचारलं, "कोणाच्या मळ्यातलं?"

आता केळीचा घड घेतलाय. मॉडेल केळी खाली लोंबणारी काढतं. आपल्या घडात फण्यांची टोकं वर वळलेली असतात आणि खाली केळफूल. रावेरच्या बागेतले चाळीस फोटो झालेत, कॅप्शन लिहायची आहेत.