सदर ते टाकळघाट

नागपूर हे चालणाऱ्यांचं शहर आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीकडे जाणारे लोंढे, ताजबागचा उरूस, रामटेकच्या यात्रेला निघालेली कुटुंबं, हे सगळं बघत मी लहानाची मोठी झाले. आमच्या मंडळीचं चालणं मात्र झावळ्यांच्या रविवारी हातात झावळ्या धरून चर्चच्या आवारात एक फेरी, एवढंच. म्हणून सप्टेंबरात शहरातल्या सदर भागातून बुटीबोरीपलीकडच्या टाकळघाट गावाला दोन दिवसांत पायी जायचं असं पाळकसाहेबांनी उपासनेनंतर जाहीर केलं, तेव्हा बऱ्याच जणांनी पहिला प्रश्न हाच विचारला की टाकळघाटला आपलं काय आहे?

आपलं तिथे एक मरण आहे. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपुरात आले. मराठी शिकले, शाळा काढल्या. या भागातले दगड आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या लिंगो या आदिपुरुषाची गाणी लिहून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं बघायला ते रिचर्ड टेम्पल यांच्यासोबत गेले होते. बाकीचे बोरीच्या मुक्कामाला परत निघाले आणि हिस्लॉपसाहेब शाळेतल्या मुलांची परीक्षा घ्यायला मागे थांबले. अंधारात एकटेच निघाले. पावसानं नाला फुगला होता. मुक्कामावर घोडा तेवढा पोचला. वीस वर्षांनी, १८८३ मध्ये, त्यांच्या नावाचं कॉलेज सुरू झालं. त्या कॉलेजवरून रोज हजारो नागपूरकर जातात, पण हा माणूस कुठे गेला ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

मी जाणार नव्हतेच. माझ्याकडे कारणं होती आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. गुडघे खरंच झिजले आहेत, डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं आहे. शुगर आहे. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं सगळं मीच बघते. आणि एप्रिल २०२१ मध्ये आमचे हे गेले. त्या महिन्यात या शहरात काय चाललं होतं ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. अंत्यविधीला आम्ही चार माणसंसुद्धा नव्हतो. मी गायकवृंदात लग्नाआधीपासून गात आले होते. ते गेल्यावर गाणं थांबलं. मग उपासनेला मागच्या बाकावर बसून प्रभुभोजन झालं की निघून यायचं, कुणी ‘सलाम ताई, कशा आहात’ म्हणायच्या आत रिक्षात बसायचं, असं सुरू झालं. पुढे तेही कमी झालं. कुणी विचारलं तर मी सासूबाईंचं नाव सांगायची आणि विचारणारा मान हलवायचा. सबब खोटी असली तर माणूस कधीतरी तिला लाजतो. खऱ्या सबबीला लाजायचं कशाला? तिच्याआड वर्षानुवर्षं राहता येतं.

रोज रात्री मी सासूबाईंना पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचून दाखवते. त्या आठवड्यात योहानाचं शुभवर्तमान चालू होतं. पाचव्या अध्यायात बेथेस्दा तळ्याकाठचा तो माणूस येतो, अडतीस वर्षं आजारी. त्या तळ्याचं पाणी हललं की जो आधी उतरेल तो बरा होतो, असा समज होता. येशू त्याला विचारतो, तुला बरं व्हायचं आहे का? मी वाचत पुढे गेले तर आईंनी थांबवलं.

“थांब वं. त्यानं हो म्हटलं का?”

मी परत वर जाऊन वाचलं. नव्हतं म्हटलं. पाणी हलतं तेव्हा मला तळ्यात उतरवायला कुणी नाही, मी जाईपर्यंत दुसराच आधी उतरतो, असं त्यानं सांगितलं.

“तेच म्हणते मी,” आई म्हणाल्या. “त्यानं विचारलं काय अन् हा सांगून राहिला काय!”

त्या स्वतः खाटेवर पडून आहेत, हे लक्षात घ्या. त्यांना कुणाला टोमणा मारायचा नव्हता. पण मला त्या रात्री झोप आली नाही. लहानपणापासून ऐकलेला तो अध्याय, आणि हे कधी दिसलंच नव्हतं. त्या माणसाचं म्हणणंही खरंच होतं. त्याला खरंच कुणी नव्हतं. प्रभूनं ते खोडून काढलं नाही, तू खोटं बोलतोस असं म्हटलं नाही. तळ्यात उतरवायला माणूसही आणून दिला नाही. ऊठ, आपली बाज उचल आणि चाल, एवढंच. अडचण मिटवून मग चालायला लावलं असं झालं नाही. आणि बाज टाकून दे असंही तो म्हणाला नाही, उचलून घे म्हणाला. अडतीस वर्षं जिच्यावर पडून काढली ती खांद्यावर घेऊन त्याला जायचं होतं.

सकाळी मी नणंदेला फोन केला. ती हुडकेश्वरला राहते. मी अर्धं वाक्य बोलले असेन, तर ती म्हणाली, “वहिनी, मी येते नं आईजवळ. तू जाय. मी कवापासून वाट पाहून राहिली का तू काही मागशील म्हणून.” हे ऐकून मी फोन हातात धरून रडले. एवढी वर्षं मला उतरवायला कुणी नाही असं मी धरून चालले होते, आणि हुडकेश्वरला कुणीतरी बसून होतं.

पहाटे आम्ही सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलपाशी जमलो. इथेच २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. माझे आजोबा त्या गर्दीत होते, माझे वडील ते अभिमानानं सांगायचे. पाळकसाहेबांनी छोटी प्रार्थना केली आणि टाळ घेतलेली दोन तरुण मुलं पुढे झाली. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भजनं अभंगाच्या चालीवर लिहून ठेवली आहेत, चालताना ती तोंडात आपोआप बसतात. टिळकांचंही या शहराशी नातं आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात त्यांच्यासमोर घर, जात, संसार असं सगळं उभं होतं, आणि त्यातलंही काही खोटं नव्हतं.

झिरो माइल, सीताबर्डी, मग वर्धा रोड. शहर संपायलाच तयार नसतं. डोक्यावर मेट्रो, बाजूला ट्रक, पाऊस थांबला की घामाच्या धारा. विमानतळ मागे पडेपर्यंत मी बरी होते. खापरीच्या पुढे उजवा गुडघा असा धरला की पाय टेकवेना. आमच्या मागून सामानाची ऑटो येत होती. चालवणारा मुलगा मंडळीतलाच, त्यानं ऑटो शेजारी आणून उभी केली. “काकू, बसा नं. कोणी काही म्हणत नाही.”

खरंच कुणी काही म्हटलं नसतं. मी पुलाच्या कठड्यावर बसले. गुडघा सुजला होता, हेही खरंच होतं. मी प्रार्थना केली, पण दुखणं काढून घे असं मागितलं नाही, का ते मला आजही नीट सांगता येत नाही. ‘प्रभू, हे घेऊनच येते’ एवढंच म्हटलं. त्यात गुडघा आला, आणि एप्रिलचे ते दिवसही आले. मग क्रेप बँडेज बांधलं, एका ताईंची काठी घेतली आणि उठले. दुखणं थांबलं नाही. चमत्कार झाला असं मी सांगणार नाही, कारण झाला नाही. मी हळू चालले, सगळ्यात मागे, आणि दोन बाया माझ्यासाठी वेग कमी करून सोबत राहिल्या. त्यातल्या एकीनं त्याच वर्षी मुलगा गमावला होता. आम्ही एकाच चर्चला जाणाऱ्या, आणि हे मला त्या रस्त्यावर जामठ्याच्या स्टेडियमजवळ कळलं. उपासना संपताच रिक्षा पकडणाऱ्या बाईला ते कळणार तरी कसं होतं? मुक्कामाच्या घरी पोचेपर्यंत आम्ही दोघी बोलत होतो. काय बोललो ते आमच्यातच राहू दे.

दुसऱ्या दिवशी बुटीबोरीचे कारखाने ओलांडून टाकळघाटच्या रस्त्याला लागलो आणि एकदम मोकळं झालं. दोन्ही बाजूंना शेंगा धरलेलं सोयाबीन, पऱ्हाटीला पाती-फुलं लागलेली, बांधावर तूर. वावरातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “कोणत्या देवाले चालले जी?” पाळकसाहेबांनी सांगितलं, येशू ख्रिस्ताचे आहोत, इथे एक मास्तर बुडून वारला त्याची आठवण करायला आलो. म्हातारा म्हणाला, “मास्तर होता का! मंग बरोबर आहे,” आणि बैलबंडीतल्या घागरीतलं पाणी आम्हा सगळ्यांना दिलं.

हिस्लॉपसाहेब नेमके कुठे बुडाले ती जागा आम्ही शोधत बसलो नाही. वाटेतल्या एका नाल्याच्या काठी थांबलो. पाणी गढूळ होतं, फार नव्हतं. पाळकसाहेब त्यांच्या कामाबद्दल बोलत होते, पण माझ्या मनात त्यांची बायको होती. त्यांच्या मागे बायको होती, लेकरं होती. तिलाही कुणीतरी येऊन सांगितलं असेल. तिनंही विचारलं असेल की बाकीचे वेळेत परतले, मग यांनाच का थांबायचं होतं? माझ्या घरचेही ड्युटीवर थांबले होते. सुट्टी घ्या म्हणून मी भांडले होते त्यांच्याशी. तो राग मी इतकी वर्षं कुणावर काढत होते ते त्या काठावर मला उमगलं. तिथेच मी तो बोलून दाखवला, सगळ्यांसमोर, प्रभूला. कुणी मला गप्प केलं नाही. प्रार्थना संपल्यावर सोबतच्या बाईनं भजन धरलं आणि दुसऱ्या कडव्याला मी सूर मिसळला. आवाज चिरका लागला, तरी शेवटपर्यंत गायले.

परत बसनं आलो. आई जाग्याच होत्या. कुठून कुठे गेलो, रस्त्यात काय खाल्लं, म्हाताऱ्यानं पाणी कसं दिलं, सगळं त्यांनी विचारून घेतलं आणि मग म्हणाल्या, “मले पुढचा अध्याय ताईनं वाचून देल्ला. पण तिले तुयासारखं वाचता येत नाही.”

गुडघ्याला आता फिजिओथेरपी सुरू केली आहे. शनिवारी संध्याकाळी गायकवृंदाचा सराव असतो, मी तिथे जाते, आणि त्या वेळात नणंद किंवा तिची मुलगी आईंजवळ येऊन बसते. काही शनिवारी जायची अजिबात इच्छा नसते. तेव्हा कारणं सगळी पुन्हा दाराशी उभी असतात, सगळी खरी, आणि मी त्यांना घेऊनच निघते. पुढच्या सप्टेंबरात नणंदेलाही चालायला यायचं आहे. आईंजवळ तेव्हा कोण राहणार, ते अजून ठरायचं आहे. मंडळीत विचारते.