आधी बाप, मग आई

जिताडा या माशाला एखादा सरकारी फॉर्म भरायला दिला, तर गडी लिंगाच्या रकान्यापाशीच अडेल. बहुतेक जिताडे आधी नर असतात. 3-4 वर्षांचे झाले की नदीतून उतरून मुखापाशी येतात आणि आपल्याहून थोराड माद्यांबरोबर विणीत सामील होतात. पुढे 6 ते 8 वर्षांच्या सुमाराला पोटातली वृषणं हळूहळू विरतात आणि त्यांच्या जागी अंडाशय तयार होतं. कालचा बाप आता अंडी घालणार!

यात हिशेब पक्का आहे. शुक्राणू लहान देहातही भरपूर बनतात. अंड्यांना मात्र जागा लागते, चरबी लागते. थोराड मादी एका हंगामात कोटीच्या घरात अंडी सोडू शकते. मग अंगापिंडानं भरल्यावरच आई झालेलं बरं.

अंडी सुटतात ती खाऱ्या पाण्यात, बहुधा अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, संध्याकाळ उलटल्यावर. अंडं जेमतेम पाऊण मिलिमीटरचं. आत तेलाचा एक थेंब, त्याच्या जोरावर ते तरंगतं. भरतीचं पाणी त्याला आत, खारफुटीकडे ढकलतं. पाणी उबदार असेल तर 18-20 तासांत पिल्लू बाहेर. आईबाप केव्हाच निघून गेलेले असतात, आणि भावंडांचं प्रेम तर विचारूच नका. जरा मोठं झालेलं पिल्लू आपल्या निम्म्या लांबीचा भाऊ सहज गिळतं. कधी घास मोठा पडतो, धाकट्याची शेपटी तोंडाबाहेर राहते आणि दोघंही मरतात. म्हणून मत्स्यसंवर्धन केंद्रांत पिल्लांची आकारानुसार पुन्हा पुन्हा निवड करत बसावं लागतं.

मासेमारीत आपण लहान मासा सोडा, मोठा घ्या असं म्हणतो. जिताड्याच्या बाबतीत हे अर्धंच खरं, कारण सगळ्यात मोठे ते जवळजवळ सगळे माद्याच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यानं म्हणूनच किमान मापाबरोबर कमाल मापही ठरवलं: 120 सेंटिमीटरच्या वरचा जिताडा परत पाण्यात. मला हा नियम फार आवडतो.

टाक्यांत जिताडे पाळणाऱ्यांचं दुखणं उलटं. भारतात चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संस्थेनं 1997 साली त्याची बंदिस्त वीण साधली. पण जमवलेली जोडपी जोडपी राहतील याची खात्री नाही. चांगले पोसलेले नर बघता बघता माद्या होतात, आणि केंद्रवाल्यांना पुन्हा नवे नर शोधत फिरावं लागतं.