आईच्या रांगोळ्या आणि एरर ४१३
आजचा अख्खा रविवार एका फोटोपायी गेला. आईच्या रांगोळ्यांची वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) केलेली साइट आहे, घरातल्याच जुन्या लॅपटॉपवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स) टाकून चालवतोय, तर सकाळी चहा होतोय न होतोय तोच हाक, अरे फोटो चढत नाहीयेत, तूच काहीतरी केलं असशील. (मी काहीही केलं नव्हतं. नेहमीप्रमाणे.)

आधी परमिशनवर संशय, म्हणजे साइटला फोल्डरमध्ये फाइल ठेवायची परवानगी आहे का, अपलोड्सचं फोल्डर बघितलं, तिथे सगळं ठीक. त्यात दीड तास गेला आणि मग आईच सहज म्हणाली की मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले जातात रे, माझ्या नव्या मोबाइलवर काढलेले तेवढेच अडकतात. हे आधी सांगायला काय झालं होतं! व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून बारीक करतं, मोबाइलमधला मूळ फोटो ५ एमबीचा. सर्व्हरच्या नोंदींचा लॉग उघडला तर एरर ४१३, म्हणजे पाठवलेली फाइल मर्यादेपेक्षा मोठी. एनजिनएक्सची (साइट लोकांपर्यंत पोचवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) मर्यादा मुळात १ एमबीच असते, ती २० केली. तरी नाही. पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) वेगळी, २ एमबी, तीही वाढवली, रीस्टार्ट मारला, तरी ढिम्म. तोवर वरणभात गार. शेवटी लक्षात आलं की पीएचपी.आयएनआय ही सेटिंग्जची फाइल दोन ठिकाणी असते, एक कमांड लाइनची (टाइप करून आज्ञा द्यायची ती) आणि एक एफपीएमची (वेबसाइटसाठी पीएचपी चालवणारा भाग), वेबसाइट वाचते ती दुसरी, आणि मी शहाणा पहिलीच बदलत बसलो होतो.

साडेपाचला फोटो चढला. आईने चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाली, हा काढ, यात कोपऱ्यात माझी चप्पल आलीय.