आमची वाटचाल : एका गाळ्याच्या शोधात

आमचे घराणे तासगाव तालुक्यातले, द्राक्षबागायतदारांचे. माल चांगला पिकवला की व्यापारी बांधावर येतो, हे लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे धंद्यात मालच महत्त्वाचा, अशी माझी समजूत होती. २०१६ साली मी आणि माझ्या मेहुण्यांनी भागीदारीत बिअर शॉपी काढायचे ठरवले, तेव्हा हीच समजूत आम्ही बरोबर घेऊन निघालो आणि पहिल्या वर्षभरातच ती सोडून द्यावी लागली. या धंद्यात माल सगळ्यांकडे तोच असतो, त्याची किंमत बाटलीवर छापलेली असते आणि तिच्यावर एक रुपयाही जास्त घेता येत नाही. दुकानदाराने निवडायची असते ती जागा, आणि त्या निवडीतही अर्धा वाटा कायद्याचा असतो.

थेट वाइन शॉपच का काढले नाही, असे अनेक जण विचारतात. ज्याला लोक वाइन शॉप म्हणतात, त्या विदेशी मद्याच्या किरकोळ विक्रीचे, म्हणजे एफएल-२ चे, नवे परवाने देणे शासनाने १९७०च्या दशकातच थांबवले. त्यामुळे जुना परवाना कोणाकडून तरी हस्तांतरित करून घेणे एवढाच मार्ग उरतो आणि त्याचे व्यवहार आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचे असतात. बिअर शॉपीचा परवाना मात्र नव्याने मागता येतो. त्याला एफएल/बीआर-२ म्हणतात. त्यावर सीलबंद बिअर आणि वाइन विकता येते, व्हिस्की किंवा रम विकता येत नाही, आणि दुकानात बसून कोणाला पिऊ देता येत नाही.

घरात हा विषय काढला तेव्हा आईने विरोध केला नाही, पण ती माळकरी असल्यामुळे तिने एकच अट घातली, की फलकावर देवाचे नाव नको आणि वडिलांचेही नको. म्हणून आजही आमच्या दर्शनी फलकावर ‘बिअर शॉपी’ एवढेच लिहिलेले आहे. काही जण त्याला व्यापारी हुशारी समजतात.

पहिली जागा आम्ही शहराबाहेर, एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत, राज्य महामार्गाला लागून पाहिली. वाहनांची वर्दळ होती, समोर गाडी लावायला जागा होती आणि परवाना शुल्क गावाच्या लोकसंख्येवर ठरत असल्यामुळे ते शहरापेक्षा कमी पडणार होते. गाळ्याचा करार, नकाशा, चतुःसीमा, चारित्र्य पडताळणी, ग्रामसभेचा ठराव अशी कागदपत्रे जमवण्यात पाच महिने गेले. ठरावाच्या दिवशी महिलांनी जे प्रश्न विचारले ते रास्त होते आणि त्यांची उत्तरे देताना माझी जीभ जड झाली होती, हे इथे नोंदवले पाहिजे. ठराव थोड्या फरकाने मंजूर झाला. त्यानंतर १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ३१ मार्च २०१७ रोजी वीस हजार किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या ठिकाणांसाठी हे अंतर २२० मीटरवर आणले गेले. पण आमचा गाळा रस्त्यापासून तीस मीटरवरही नव्हता. गाळामालकाने अनामत रकमेतली निम्मी परत दिली आणि उरलेल्या निम्म्याचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने हा आदेश नगरपालिका आणि महानगरपालिकांच्या हद्दीतील परवान्यांना आड येत नाही, असे स्पष्ट केले आणि आम्ही सांगली शहरात गाळा शोधू लागलो. शहरात अडचण वेगळीच निघाली. शाळा आणि धार्मिक स्थळ यांपासून विहित अंतर राखावे लागते, आणि गावभागापासून मारुती चौकापर्यंतच्या जुन्या सांगलीत दर दोन वळणांना एखादे देऊळ, तालीम किंवा बालवाडी आहेच. राज्य उत्पादन शुल्क खात्याचे दुय्यम निरीक्षक स्थळपाहणीला येण्याआधी मेहुणे आणि मी पहाटे टेप घेऊन मोजत फिरत असू, आणि दूधवाले आम्हाला महापालिकेची माणसे समजून गटारीच्या तक्रारी सांगत. सातवा गाळा अंतरात बसला, पण त्याच्या अलीकडे पिंपळाखाली एक शेंदरी देवस्थान होते. ते नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाचे नाही, हे धर्मादाय कार्यालयातून लेखी आणेपर्यंत दीड महिना गेला. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा परवाना २०१८च्या उन्हाळ्याच्या तोंडावर हातात आला.

रोजचा कारभार परवान्याइतका गुंतागुंतीचा नाही, पण त्यात ढिलाई चालत नाही. दुकानात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक कामगाराचा नोकरनामा, म्हणजे दुकानात काम करण्याची खात्याची परवानगी, करून घ्यावा लागतो; साठ्याच्या नोंदवहीतील आकडा आणि मांडणीवरील बाटल्या तपासणीच्या वेळी जुळाव्या लागतात; बिअर मागणाऱ्याचे वय २१ पूर्ण आहे का ते पाहावे लागते, आणि ओळखीच्या माणसाचा मुलगा समोर उभा असतो तेव्हा ते फार अवघड जाते. माल रोखीने घ्यायचा असतो. मद्य जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे कूलर घेताना भरलेला जीएसटी वजा करून मिळत नाही, हे आम्हाला हिशेबनिसाने कूलर घेतल्यानंतर सांगितले. ६५० मिलिलिटरच्या बारा बाटल्यांच्या बॉक्समागे सुटणाऱ्या पैशांतून वीजबिल, भाडे, पगार आणि दर मार्चअखेरचे नूतनीकरण शुल्क निघायचे असते. धंदा खरा होतो तो मार्च ते मे. २०१९ मध्ये लोकसभेचे मतदान नेमके २३ एप्रिलला आले आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास भर उन्हाळ्यात दुकान बंद राहिले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. निवडलेला गाळा कायद्याच्या सर्व अंतरांत बसत होता, पण नदीपासूनचे अंतर कोणी मोजले नव्हते, आम्हीही नाही. २००५चा पूर पाहिलेल्या शेजारच्या किराणा दुकानदाराने दोन दिवस आधी पोती माळ्यावर चढवली होती, आणि आम्ही मात्र बाटली काचेची आणि सीलबंद असल्याच्या भरवशावर राहिलो. पाणी ओसरल्यावर शटर उघडले तेव्हा बहुतेक बाटल्या शाबूत होत्या, परंतु लेबले सुटून चिखलात मिसळली होती, आणि लेबल नसलेली, पुराच्या पाण्यात आठवडाभर बुडालेली बाटली विकता येत नाही. ती फेकूनही देता येत नाही. खात्याला कळवून, पंचनामा करून, अधिकाऱ्यांसमोर मोजून ती नष्ट करावी लागते. साठ्याची नोंदवही भिजली होती, तिची पाने पत्नीने गच्चीवर दोरीला लावून वाळवली, आणि त्याच पानांच्या आधारे आकडे जुळले. बाटल्या फोडताना गल्लीत जो वास पसरला, त्यावरून आमची चेष्टा अजून होते.

विम्याची रक्कम अपेक्षेपेक्षा कमी मिळाली, कारण पॉलिसीत साठ्याची किंमत आम्हीच हप्ता वाचवण्यासाठी कमी लिहिली होती. मार्च २०२०च्या टाळेबंदीत उन्हाळ्यासाठी भरलेले कूलर बंद शटरमागे राहिले. मे महिन्यात दुकाने उघडली तेव्हा रांगा लागल्या, पण सहा महिन्यांच्या मुदतीची बिअर त्या आधीच उताराला लागली होती. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले, आणि या वेळी मात्र सगळा माल दोन दिवस आधी, रीतसर कळवून, वरच्या मजल्यावर गेला होता.

वाइनचे एक कपाट मी हट्टाने ठेवले आहे. पलूसला वाइन पार्क, म्हणजे वाइन कारखान्यांची वसाहत, झाले तेव्हा आमच्या भागातल्या बागायतदारांनी बऱ्याच आशा धरल्या होत्या, आणि जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय जाहीर झाला तेव्हा बागायतदार म्हणून मला बरे वाटले आणि दुकानदार म्हणून धास्ती वाटली. त्या कपाटातून आठवड्याला चार-पाच बाटल्या जातात. मेहुणे दर वर्षी ते काढायला सांगतात.

आता सांगलीतच विश्रामबागेकडे, जिथे पुराचे पाणी पोहोचत नाही, अशा ठिकाणी दुकान हलवायचा आमचा विचार आहे. पसंत पडलेला गाळा एका गृहनिर्माण सोसायटीच्या तळमजल्यावर आहे, आणि मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या धोरणानुसार अशा ठिकाणी सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक ठरले आहे. सोसायटीच्या अध्यक्षांनी सर्वसाधारण सभेत विषय ठेवण्याचे मान्य केले असून सभासदांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला मलाच बोलावले आहे. मेहुणे टेप घेऊन तिथे दोनदा जाऊन आले आहेत.