तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्याची अर्धवट गाडी घ्यावी का?

महिन्यातून एकदा तरी असा फोन येतो. कुणाच्या मामाच्या गॅरेजात, कुणाच्या शेजाऱ्यांच्या पडवीत किटची, म्हणजे सुटे भाग घेऊन घरीच जोडायची गाडी पडून असते. मालक म्हणतो सत्तर टक्के झालीये, आणि निम्म्या किमतीत द्यायला तयार असतो. फोन करणारा विचारतो, "तुम्हीही अशीच घेतली होती ना? घेऊ का?" आणि फोन ठेवता ठेवता, "उरलेलं काम किती दिवसांत होईल?"

अर्धा तास बोलूनही सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदा नीट लिहितो.

घ्या. पण पैसे सामानाचे द्या, झालेल्या कामाचे देऊ नका. ते काम तुम्हाला विकत मिळतच नाही. का, ते माझ्याच गाडीवरून सांगतो.

इंदूरला पोलोग्राउंडमध्ये माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. गाडी मिळाली ती रामबागेतल्या एका वाड्याच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये. लोटस सेव्हन या छोट्या ब्रिटिश उघड्या गाडीच्या धर्तीची: एक इंची चौकोनी पाइपांची चौकट, ॲल्युमिनियमचे पत्रे, नाक आणि मडगार्डं फायबरची, वर छप्पर नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल एका भंगारात निघालेल्या कॉन्टेसा गाडीचा. बांधणारे काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. हात थरथरायला लागले, पाना बोल्टच्या डोक्यावर बसेना, तेव्हा त्यांनी ताडपत्री घातली ती कायमची.

पहिल्या दिवशी मी टायर बघितले. अगदी कोरे. रबराचे बारीक केस तसेच उभे, म्हणजे एक किलोमीटरसुद्धा न चाललेले. मनात हिशेब केला, चला, टायरचा खर्च वाचला. मग कडेला लिहिलेले चार आकडे वाचले: २८०६. म्हणजे २००६ सालचा अठ्ठाविसावा आठवडा. टॉर्च जवळ नेला तर खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा. न चालताच म्हातारे झालेले टायर. चारही फेकले. काकांचं काम साधारण कधी थांबलं तेही त्या टायरांवरूनच कळलं, कारण टायर हे त्यांनी घेतलेलं शेवटचं मोठं सामान होतं.

नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत होते, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि पेन्सिलीने नाव. शिवाय एक दोनशे पानी वही, तीत गाडीचा एकेक जोड ओळीने लिहिलेला आणि समोर बरोबरची खूण. मला वाटलं, काम सोपं झालं. जिथे खूण नाही तिथून सुरू करायचं.

पण काही खुणा अर्ध्याच होत्या. शेपूट वर जायच्या आधीच थांबलेली. सहज झालं असेल म्हणून तीन आठवडे दुर्लक्ष केलं, मग एका रविवारी वही घेऊन रामबागेत गेलो.

"काका, ही अर्धी खूण कसली?"

"अर्धी म्हणजे हाताने फिरवून ठेवलाय रे. पूर्ण म्हणजे टॉर्क पाना लावून मापाने आवळला."

"आणि हे शेवटचं पान? इथे सगळ्याच पूर्ण आहेत."

काकांनी वही डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ बघितलं. "तेव्हा हात बिघडलेला होता," ते म्हणाले. "खूण माझी आहे. बोल्टाचं मी नाही सांगू शकत."

त्या एका वाक्याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. दुसऱ्या कुणी सहज "हो, घट्टच आहे" म्हटलं असतं. घरी येऊन मी सगळी गाडी उघडायला घेतली. सगळी. शेवटच्या पानावरचा पुढच्या विशबोनचा, म्हणजे चाक चौकटीला धरणाऱ्या दांडीचा बोल्ट बोटांनी निघाला. बारा मिलिमीटरचा, डोक्यावर ८.८ असा मजबुतीचा शिक्का असलेला बोल्ट. त्याला ८० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क हवा, आणि तो दोन बोटांत फिरत माझ्या तळहातावर आला. अशा बोल्टाच्या भरवशावर चाक असतं.

म्हणून म्हणतो, झालेलं काम विकत मिळत नाही. बोल्ट घट्ट दिसतो, पण घट्टपणा दिसत नाही. तो तपासायचा तर सोडवून पुन्हा आवळायला लागतो, आणि नायलॉनवाला लॉकनट एकदा निघाला की नवाच घ्यावा. जेवढं काम झालंय तेवढं तुम्हाला पुन्हा करायचंय, वर आधी उलगडायचंय ते वेगळंच. सत्तर टक्के झालेल्या गाडीला तीस टक्के काम उरलेलं नसतं.

लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये सेव्हन काढली तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या किटवर नव्हता. पण किटसोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर सवलत जायची. म्हणून चॅपमनने गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या, आणि घेणाऱ्याने त्या उलट्या क्रमाने वाचाव्या, असं सांगतात. दुसऱ्याची अर्धवट गाडी घेणाऱ्याने त्या सुलट्याच वाचाव्यात. आधी सुटी करा.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण फोनवर याच मुद्द्याला लोक "हो हो" म्हणून पुढे जातात. काकांनी ब्रेकच्या नळ्या फार सुंदर वळवल्या होत्या, चौकटीला अगदी चिकटून, दर वितीवर क्लिप. पण नळी होती फ्रिज-एसीवाले वापरतात ती तांब्याची, आणि तोंड एकेरी फुलवलेलं. जोरात ब्रेक मारला की नळीत टायरमधल्या हवेच्या तिसेक पटींहून जास्त दाब येतो. त्यात गाडीची थरथर. थरथरीने तांबं कडक होत जातं आणि फुलवलेल्या कडेपाशी चिरतं. एक नळी काढून मी भिंगाखाली धरली, तर कडेला नखाएवढी चीर होतीच. गाडी एकदाही न चालता, नुसत्या आवळण्याने पडलेली. सगळ्या नळ्या काढल्या, ब्रेकसाठीची पोलादी नळी (बंडी) आणली, तोंडं दुहेरी फुलवली (डबल फ्लेअर). वळणं मात्र काकांच्याच नळ्या शेजारी ठेवून, त्यांच्यासारखीच काढली.

वेल्डिंगचंही तसंच. माझ्याकडे पूर्वी शिकाऊ म्हणून असलेला एक मुलगा कॉलेजच्या बाहा संघात होता. पिथमपूरला २००७ पासून विद्यार्थ्यांची ही स्पर्धा चालते, मुलं स्वतः बग्गी बांधतात आणि तपासणीत पास झाल्याशिवाय ट्रॅकवर जाऊ देत नाहीत. त्याने मला डीपी टेस्ट, म्हणजे रंगाने चीर शोधायची चाचणी करायला लावली. जोड स्वच्छ पुसायचा, लाल द्रव फवारायचा, दहा मिनिटं थांबून पुसून काढायचा आणि वर पांढरी फवारणी. जिथे चीर असेल तिथे पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. एकेचाळीस जोड स्वच्छ निघाले. बेचाळिसावा मागचा ॲक्सल धरणाऱ्या डाव्या आर्मचा ब्रॅकेट. पांढऱ्यावर आधी एक ठिपका आला, मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि दोघांची मिळून रेघ झाली. मी आणि तो मुलगा दोघंही गप्प उभे होतो. तो ब्रॅकेट कापून नवा बसवला, आणि बसवताना ओळंबा सोडून, फरशीवर खडूने रेघा मारून मोजलं तर डाव्या बाजूचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, उजवीपेक्षा ११ मिलिमीटरने कमी भरला. तेही त्यातच सुधारलं.

इंजिन जाम होतं. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑइल सोडलं, दोन दिवस थांबलो, क्रँक पुलीला पाना लावला, सुटलं. इंजिनाला लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि त्याचा त्रास सगळ्यात कमी होतो.

वायरिंगमध्ये एक गोष्ट ध्यानात ठेवा. पत्र्याच्या गाडीत बॉडी हीच अर्थ असते. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून मडगार्डावरच्या प्रत्येक दिव्याला स्वतःची काळी वायर चौकटीपर्यंत किंवा बॅटरीपर्यंत न्यावी लागते. काकांच्या गाडीत दिवे होते, अर्थ नव्हती.

शेवटची परीक्षा बाहाचीच घेतली: जोरात ब्रेक मारला की चारही चाकं एकदम जाम झाली पाहिजेत. पहिल्यांदा मागची आधी जाम झाली आणि गाडीने शेपूट फिरवलं. ॲक्सल कॉन्टेसाचा, आणि ती गाडी हिच्या जवळपास दुप्पट वजनाची. एवढ्या हलक्या शेपटीला तिचे ड्रम जास्तच जोरदार. मागच्या ड्रममध्ये ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर कमी व्यासाचे घातल्यावर जमलं.

मग काकांचं काही मिळालंच नाही का? मिळालं की. ॲल्युमिनियमचा पत्रा. कॉकपिटच्या कडेला त्यांनी पत्रा लाकडी ठोकळ्यावर वळवून आत घेतलाय, एक सुरकुती नाही. मला तीस वर्षं लेथवर काढूनही तसं जमत नाही. त्याला मी हात लावला नाही, पॉलिशसुद्धा केलं नाही. आपल्या यशवंतराव होळकर महाराजांची ड्यूझेनबर्ग गाडी तरी काय होती? चॅसी अमेरिकेतून आलेली, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने चढवलेली. दोन हातांची गाडी म्हणून ती उणी ठरत नाही.

रस्त्यावर चालवता का, हेही विचारता. नाही. नव्या बनावटीच्या वाहनाला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२६ प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रोटोटाइपची चाचणी लागते. आणि जुन्या गाडीचं आरसी बुक लावायचं म्हटलं, तर १९८८ च्या कायद्याचं कलम ५२ नोंदणीपेक्षा वेगळी गाडी करू देत नाही. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते, तशी सोय आपल्याकडे व्हावी असं मला मनापासून वाटतं. तोवर माझी गाडी सिमरोलकडच्या एका मित्राच्या शेतावर, त्याच्या खासगी रस्त्यावर चालते. तेव्हा "सोबत कॉन्टेसाचं आरसी देतो" म्हणून कुणी किंमत वाढवली तर वाढवून देऊ नका. इंजिनाची पावती मात्र मागून घ्या.

एकूण अडीच वर्षांचे रविवार गेले. त्यातले पहिले चौदा महिने गाडी पुढे गेलीच नाही, मागे मागे येत होती.

गेल्या थंडीत काकांना शेतावर घेऊन गेलो. फिरायला बसता का विचारलं तर म्हणाले, आधी मागून दाखव. वाकता येत नव्हतं, म्हणून गाडी जॅकवर घेतली आणि त्यांना खुर्ची दिली. त्यांनी डाव्या ब्रॅकेटच्या जोडावरून बोट फिरवलं.

"हा माझा नाही."

"नाही काका. तुमचा चिरला होता."

"कुठून?" आणि मग कुठून, कसा, रेघ किती लांब, पांढऱ्यावर किती वेळाने उमटली, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं. पाऊण तास त्यातच गेला, चहा गार झाला, तरी त्यांचे प्रश्न संपेनात. गाडीत बसले ते त्यानंतर.

तर परवा ज्यांनी फोन केला होता त्यांनी असं करावं. बांधणारा माणूस हयात असेल तर आधी त्याच्याकडे जा, गाडीकडे नंतर. वही असेल तर मागा. सामानाची यादी करून बाजारभावाने हिशेब मांडा, रबराचं जे जे असेल ते शून्य धरा. आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचून मला कळवा, म्हणजे पुढचं बोलता येईल.